घर फिरलं की वासे फिरायलाच हवेत

गेल्या जुलैतली गोष्ट. कुणकेश्वरात तीन दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या. आंब्याचा हंगाम उरकून बागा मोकळ्या झालेल्या. अशा दिवसांत आमच्या पडवीत वाडीतली चार-पाच मुलं जमतात आणि माझ्या लॅपटॉपवर आम्ही मिळून एक छोटा खेळ बनवतो. त्या दुपारी माझा पुतण्या पडद्यावर बोट ठेवून ओरडला, "आत्ये, गलबताचो कंदील देवळाच्या पायरेर पडलो आसा!"

मी जाऊन बघितलं. गलबत भर समुद्रात लाटांवर डुलत होतं आणि त्याच्या डोलकाठीला टांगलेला कंदील कुणकेश्वराच्या खालच्या पायरीवर जळत होता. कंदिलाच्या पोटातच नांगर रुतलेला, नांगरात पाण्याचं पिंप. तिन्ही वस्तू एकाच जागी एकमेकींत घुसल्या होत्या.

आमचा खेळ गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या दंतकथेवर आहे. एका परदेशी व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं, त्याला किनाऱ्यावर दूर एक मिणमिणता दिवा दिसला, त्या दिव्याच्या आधाराने तो वाचला आणि कृतज्ञतेपोटी त्याने इथे देऊळ बांधलं, असं सांगतात. खेळणाऱ्याने वादळातून गलबत हाकत त्या दिव्यापर्यंत आणायचं, एवढाच खेळ. त्यात गलबताचाच दिवा किनाऱ्यावर जाऊन बसला तर कथाच उलटी होते.

त्या कंदिलाला डोलकाठीवर परत आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यात जे कळलं ते प्रोग्रामिंग न करणाऱ्या माणसालाही समजावं असं मला मनापासून वाटतं. आज घरोघरी मुलं मोबाइलवर खेळतात. त्या पडद्यामागे वस्तू एकमेकींना कशा धरून असतात हे एकदा कळलं की खेळाकडे बघण्याची नजर बदलते.

आई कुठे आहे ते पोराला विचारा

आधी इंजिन म्हणजे काय ते सांगते. चित्र दाखवणं, आवाज वाजवणं, वस्तू हलवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं ही कामं प्रत्येक खेळात तीच असतात. ती दरवेळी नव्याने लिहायला नकोत म्हणून तयार करून ठेवलेला पाया म्हणजे गेम इंजिन. युनिटी, अनरियल, गोडो ही त्यातली प्रसिद्ध नावं. मी बेव्ही नावाचं इंजिन वापरते. कार्टर अँडरसन यांनी ते २०२० मध्ये लोकांसमोर आणलं. ते रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे, फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. शिकवण्यासाठी मी ते निवडलं ते याच कारणाने.

खेळातलं प्रत्येक ठिकाण तीन आकड्यांत सांगतात: किती उजवीकडे, किती वर, किती पुढे. मोजणी जिथून सुरू होते तो शून्यबिंदू. तो मी देवळाच्या खालच्या पायरीवर धरला, कारण आमच्या गावात वाट सांगायची झाली तरी देवळापासूनच सांगतात. समजा, गलबत पायरीपासून ४० मीटर उजवीकडे आणि २५ मीटर समुद्रात आहे आणि त्याचं तोंड समुद्राकडे आहे. कंदील गलबताच्या मध्यापासून २ मीटर वर आणि १ मीटर पुढे टांगलाय. मग देवळापासून बघितलं तर कंदील ४० मीटर उजवीकडे, २ मीटर वर आणि २६ मीटर समुद्रात. आता गलबताने जागच्या जागी वळून तोंड किनाऱ्याकडे केलं, तर "१ मीटर पुढे" म्हणजे किनाऱ्याच्या दिशेने. कंदील २४ मीटरवर आला. कंदिलाला कुणी हात लावला नाही, तरी तो हलला.

म्हणून प्रत्येक वस्तूची जागा दोनदा लिहिलेली असते. एक, आईपासूनची जागा. तिला बेव्हीत ट्रान्सफॉर्म म्हणतात. दुसरी, जगातली जागा, ती ग्लोबलट्रान्सफॉर्म. पहिली आपण लिहितो. दुसरी इंजिन काढतं: आईची जगातली जागा घ्यायची, तीत पोराची आईपासूनची जागा मिसळायची. हे गणित सेकंदाला साधारण साठ वेळा, वरून खाली होत जातं. आधी गलबत, मग डोलकाठी, मग डोलकाठीवरचं शीड. इंग्रजीत या नात्याला पॅरेंट आणि चाइल्ड म्हणतात. मी मुलांना आई आणि पोर असंच शिकवते.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण माणसाचे वाईट दिवस आले की वापरतो. खेळाच्या जगात मात्र ती चांगल्या कामाची आहे. घर फिरलं की वासे फिरायलाच हवेत. फिरले नाहीत तर कंदील पायरीवर येतो.

क्रमांक, रकाने आणि बाई

मग आमचे वासे का फिरले नाहीत? त्यासाठी बेव्हीची मांडणी समजायला हवी.

पूर्वी खेळातल्या वस्तू घराण्याच्या वंशावळीसारख्या लिहीत. "वस्तू" हे मूळ, तिच्यापासून "वाहन", वाहनापासून "गलबत". मग बोलणारं गलबत हवं झालं, किंवा जळणारं झाड, की ते कोणत्या फांदीवर बसवायचं हा पेच. २००२ साली स्कॉट बिलास यांनी डंजन सीज या खेळाची रचना गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत उलगडून सांगितली. त्यांनी वस्तूंना वंश दिला नव्हता, गुणांचे सुटे तुकडे जोडले होते. हा विचार पुढे अनेकांनी वाढवला. त्याचंच एक रूप म्हणजे एंटिटी, कम्पोनंट आणि सिस्टिम ही त्रयी, आणि बेव्ही पूर्णपणे तिच्यावर उभं आहे.

मुलांना मी शाळेच्या हजेरीपटाचं उदाहरण देते. एंटिटी म्हणजे हजेरीपटातला नुसता क्रमांक. त्या क्रमांकाला स्वतःचं काहीच नसतं. कम्पोनंट म्हणजे त्यापुढचे रकाने: नाव, उंची, वजन. सिस्टिम म्हणजे रकाना बघून काम करणाऱ्या बाई. उंची मोजणाऱ्या बाई उंचीचा रकाना असलेल्यांनाच हाक मारतात. ज्याच्यापुढे तो रकानाच नाही, त्याला त्या रागावत नाहीत, विचारतही नाहीत. त्यांच्या लेखी तो वर्गात नसतोच.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आमची चूक नेमकी इथे होती.

गलबतावरच्या सुट्या वस्तू एकत्र राहाव्यात म्हणून मी "सामान" नावाची एक एंटिटी केली होती. गलबताची पोर सामान, आणि सामानाची पोरं कंदील, नांगर, पिंप. सामान हे काही दिसणारं नव्हतं, म्हणून मी त्याला फक्त नाव दिलं. जागा दिली नाही. नुसत्या पेटाऱ्याला जागा कशाला, असं मी धरून चालले.

आबांची उलांडी

पहिल्या संध्याकाळी मी चुकीच्या ठिकाणी शोधत बसले. कंदिलाची उंची बदलून बघितली: २ मीटरच्या जागी ५, मग २०. कंदील ढिम्म. तो पायरीवरच होता आणि बरोबर शून्यावर होता. त्याची स्वतःची २ मीटर उंचीसुद्धा कुठे दिसत नव्हती. खरं तर हाच सगळ्यात मोठा सुगावा होता. गणित चुकलं असतं तर कंदील भलत्या जागी गेला असता. तो शून्यावर होता म्हणजे गणित झालंच नव्हतं.

शेजारचे आबा पडवीच्या कडेला बसून जाळ्याचे फाटके डोळे विणत होते. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी उलांडीची होडी चालवली आहे. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला, पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. तो होडीपासून काही हात लांब असतो आणि दोन आडव्या वाशांनी होडीशी जोडलेला असतो. मुलांना समजावताना मी मोठ्याने बोलत होते, "गलबत हलतं, मग कंदील का हलत नाही?" आबांनी सुई न थांबवता विचारलं, "कंदील खंय बांधलंस?"

"सामानाला."

"आणि सामान?"

"गलबताला."

"सामान खंय आसा, ता दाखव बघू."

मला दाखवता येईना. सामानाला जागाच नव्हती. आबा म्हणाले, "उलांडी काय होडयेक लागता? ती वाशांक बांधल्ली, वासे होडयेक. वासेच नाय तर उलांडी होडयेवांगडा कशी जातली?"

प्रोग्रामिंगच्या किती तरी धड्यांत मी ही गोष्ट वाचली असेन, पण इतकी स्वच्छ कुणी सांगितली नव्हती. जागेचं गणित करणारी सिस्टिम गलबतापासून निघते, त्याच्या पोरांकडे येते आणि प्रत्येकाला विचारते, तुझ्याकडे ट्रान्सफॉर्म आहे का? सामानाकडे तो रकाना नव्हता, म्हणून ती तिथूनच मागे फिरली. कंदिलापर्यंत ती पोचलीच नाही. आजीकडून थेट नातवाकडे उडी मारण्याची सोय तिथे नाही. जे काही खाली जायचं ते हातोहातच जातं, आणि मधल्या हातात ते धरायला काही हवं. कंदिलाच्या जगातल्या जागेचा रकाना मात्र जन्मतः शून्याने भरलेला असतो. तो तसाच राहिला, आणि आमच्या खेळात शून्य म्हणजे कुणकेश्वराची पायरी.

पिवळी ओळ

दुसऱ्या संध्याकाळी मी खेळ सुरू करून आधी पडद्याकडे न बघता टर्मिनलकडे बघितलं. टर्मिनल म्हणजे जिथे इंजिन आपल्याशी अक्षरांत बोलतं ती काळी खिडकी. तिथे पिवळ्या रंगात इशारा होता. त्याचा क्रमांक बी०००४. मराठीत सांगायचं तर त्यात असं म्हटलं होतं: ज्या वस्तूकडे ग्लोबलट्रान्सफॉर्म आहे तिच्या आईकडे तो नाही, यामुळे वागणुकीत विसंगती येईल. खाली तसाच दुसरा इशारा दिसण्या-न दिसण्याच्या रकान्याबद्दल होता. आदल्या दिवशीही या ओळी तिथे आल्याच असणार. खेळ चालू होतो आहे ना, मग झालं, म्हणून माझी नजर त्यांच्यावरून पुढे गेली होती.

लाल ओळ बहुतेक वेळा खेळ थांबवते, म्हणून आपण ती वाचतो. पिवळी ओळ खेळ चालू देते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या चुका पिवळ्या ओळींतच दबा धरून असतात. मुलांना मी त्या दिवसापासून एक नियम घालून दिला: खेळ सुरू झाला की आधी पिवळं वाचायचं, मोठ्याने, आणि अर्थ लागेपर्यंत पुढे जायचं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. सामानाला ट्रान्सफॉर्म आणि व्हिजिबिलिटी, म्हणजे दिसण्या-न दिसण्याचा रकाना, हे दोन कम्पोनंट दिले, दोन्हींची किंमत मूळचीच ठेवली. ट्रान्सफॉर्मची मूळची किंमत म्हणजे सरकणं शून्य, वळणं शून्य, माप एकास एक. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ०.१५ आवृत्तीपासून बेव्हीत एक चांगली सोय आहे. ट्रान्सफॉर्म दिला की त्याच्या जोडीचा ग्लोबलट्रान्सफॉर्म आपोआप येतो. दिसण्याच्या रकान्यांचंही तसंच. पण पहिला रकाना आपणच द्यावा लागतो.

पुतण्याने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. तो म्हणाला, शून्यच द्यायचं होतं तर दिलं काय आणि नाही दिलं काय, फरक कसला? फरक मोठा आहे. शून्य सरकलेली वस्तू म्हणजे "मी आईच्या जागीच आहे" असं सांगणारी वस्तू. तिला विचारलं तर उत्तर मिळतं आणि ते उत्तर पुढे देता येतं. रकाना नसलेल्या वस्तूकडे उत्तरच नाही. शून्य असणं आणि काहीच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या सगळ्या प्रकरणातून मुलांनी एवढं एकच उचललं तरी माझं काम झालं.

आणखी दोन मार्ग होते. मधलं सामान काढून कंदील थेट गलबताला बांधायचा, हा एक. किंवा सामान हे फक्त मोजदादीसाठी हवं असेल, तर त्यासाठी आई करायचीच नाही. प्रत्येक वस्तूवर "हे सामान आहे" अशी खुणेची चिठ्ठी, म्हणजे एक रिकामा कम्पोनंट, लावायचा. वस्तू बरोबर हलायला हव्यात तरच आई-पोराचं नातं जोडावं. नुसतं वर्गीकरण करायचं असेल तर चिठ्ठी पुरते.

याच घरातली बाकीची दुखणी

हे कळल्यावर आमच्या खेळातली इतर कोडीही उलगडली. लपवलेलं गलबत हे त्यातलं पहिलं. गलबत धुक्यात शिरलं की ते दिसेनासं करायचं होतं. गलबत गेलं, पण कंदील, नांगर आणि पिंप दिसतच राहिले. कारण तेच. दिसणंही आईकडून पोराकडे उतरतं आणि सामानाकडे तो रकाना नव्हता. त्या एका ओळीने हेही बरं झालं.

दुसरं, वेडावाकडा कंदील. गलबत लांब दिसावं म्हणून मी त्याची फक्त लांबी दीडपट केली होती. मापही खाली उतरतं, म्हणून गोल कंदील लांबुळका झाला, आणि डुलायला लागला की तिरका पिळवटायचा. उपाय असा की आईला ताणायचं नाही. गलबताच्या लाकडी अंगाची आकृती हे वेगळं पोर करायचं आणि ताण फक्त त्याला द्यायचा. कंदील मग त्याचा भाऊ राहतो, ताणापासून सुटतो.

तिसरं, मागे रेंगाळणारा उजेड. कंदिलाभोवतीचं तेजाचं वलय वेगाच्या वळणावर किंचित मागे पडायचं. आम्ही वलयाची जागा कंदिलाच्या जगातल्या जागेवरून ठरवत होतो, पण बेव्हीत ती जागा प्रत्येक चित्राच्या शेवटाकडच्या टप्प्यात काढली जाते. आमचा कोड त्याआधी चालत असे, म्हणून त्याला मागच्या चित्रातली, सुमारे १७ मिलिसेकंद शिळी जागा मिळायची. वलयाचा कोड जागा काढून झाल्यानंतर चालेल असा केला, त्यात वलयाची जगातली जागाच थेट लिहिली आणि उजेड कंदिलाला चिकटला.

चौथं, सुटताना मारलेली उडी. वादळात नांगर तुटून पडतो तेव्हा त्याचं गलबताशी नातं तोडावं लागतं. नुसतं तोडलं तर गलबतापासूनची जागाच जगातली जागा धरली जाते आणि नांगर क्षणात किनाऱ्याजवळ प्रकट होतो. त्यासाठी जगातली जागा राखून नातं तोडण्याची वेगळी आज्ञा आहे, ती वापरायची.

आणि एक जुनं दुखणं आता राहिलं नाही. पूर्वी बेव्हीत आईला काढून टाकलं तर पोरं मागे उरत, नसलेल्या आईचा क्रमांक धरून. एप्रिल २०२५ मधल्या ०.१६ आवृत्तीपासून आई गेली की पोरंही जातात. त्याच आवृत्तीत पोराच्या रकान्याचं नावही बदलून चाइल्डऑफ झालं. म्हणून धडा जुना असेल तर आवृत्ती बघून घ्यावी.

इतर घरांत काय करतात

युनिटीत ही चूक होऊच शकत नाही, कारण तिथल्या प्रत्येक गेमऑब्जेक्टला ट्रान्सफॉर्म असतोच आणि तो काढताही येत नाही. रिकाम्या पेटाऱ्यालाही जागा सक्तीची. गोडोत मात्र ती होते. तिथे जागा असलेल्या दोन नोड्सच्या मध्ये साधा, जागा नसलेला नोड ठेवला की साखळी तुटते. तिथलं पोर मग स्वतःची जागा हीच जगातली जागा समजतं. आमचा कंदील गोडोत पायरीपासून २ मीटर वर आणि १ मीटर पुढे लटकला असता. अनरियलमध्ये न हलणारा म्हणून नोंदलेला भाग हलत्या आईला जोडायला गेलं तर इंजिन जोडणीच नाकारतं आणि तसं लिहून सांगतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला राजी हा खेळ याच अनरियलवर बनला आहे. आपल्या मातीतली गोष्ट जगभर खेळली जाऊ शकते, हे मुलांना सांगताना मी त्याचं नाव आवर्जून घेते.

युनिटीची सक्ती सुरक्षित आहे. बेव्ही मोकळीक देतं, आणि मोकळिकीबरोबर जबाबदारी येते: मधलं कोण आहे आणि त्याच्याकडे काय आहे, हे आपणच बघायचं. शिकणाऱ्या मुलासाठी मला दुसरी वाट जास्त मोलाची वाटते, कारण तिथे नातं कशाने टिकतं हे त्याला स्वतःच्या हाताने कळतं.

ऑगस्ट लागला, होड्या पाण्यात गेल्या. पुतण्याने खेळात आबांची होडी घालायची ठरवली. होडी, तिचे दोन वासे, वाशांना उलांडी. वासे अजून कुणी रेखाटले नव्हते, पडद्यावर ते दिसणारही नव्हते. त्याने तरी आधी त्यांना शून्याची जागा दिली आणि मग नाव लिहिलं. खेळ सुरू केला, टर्मिनल बघितलं, पिवळं काही नव्हतं.

शेवटी किनाऱ्यावरचा दिवा राहिला होता. "ह्या दिव्याची आवस कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही. हा दिवा कुणाबरोबर हलायचा नाही. त्याने तो शून्यावर ठेवला, खालच्या पायरीवर, जिथे महिनाभरापूर्वी गलबताचा कंदील येऊन पडला होता. मग वादळ सुरू केलं. समुद्रात गलबत वळलं तसा त्याचा कंदील वळला, आबांच्या होडीबरोबर उलांडी वर-खाली झाली, आणि पायरीवरचा दिवा होता तिथेच जळत राहिला.